सूनबाईंचा गोपनीय अहवाल



या वेळी मुगाच्या पापडांवर लिहायचं ठरलं होतं. पापड लाटून झाले, वाळले, डब्यात भरूनही झाले. पण त्याच दिवसांत घरात एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. सुनेला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "माझ्याबद्दल लिहा मम्मी, मुलांबद्दल नको." म्हणून शाळेचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही, आणि एक-दोन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. ज्यांना ओळख पटेल त्यांनी मनातच ठेवावी.

बऱ्याच जणींना माहीत आहे, माझी सून इथे नाशिकमध्येच एका सीबीएसई शाळेत समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए., वर समुपदेशनाची पदविका. शाळेत दीड हजारावर मुलं आणि या कामाला ती एकटी. जिन्याखालची खोली, पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. अजूनही पावसाळ्यात चामड्याच्या चेंडूंचा वास येतो म्हणते.

एप्रिलमधला मंगळवार होता. आमच्याकडे चौविहार, त्यामुळे दिवस मावळायच्या आत ताटं आवरलेली असतात. त्या दिवशी ती उशिरा आली, भूक नाही म्हणाली आणि खोलीत गेली. तिची पर्स जेवणाच्या टेबलावरच राहिली, शेजारी एक घडी केलेला कागद. टेबल पुसताना मी तो उचलला आणि, खोटं कशाला बोलू, उघडून वाचला.

शाळेचं वार्षिक मूल्यमापनाचं पत्रक होतं. इंग्रजीत, पण समजण्यासारखं. दहा रकाने, प्रत्येकाला पाच गुण. विषयाचा निकाल. वर्गावर नियंत्रण. वह्यांची तपासणी. फळ्याचा व शैक्षणिक साधनांचा वापर. तिला विषय नाही, वर्ग नाही, वह्या नाहीत. तरी प्रत्येक रकान्यात काहीतरी आकडा टाकलेला. वह्यांना शून्य. फळ्याच्या वापराला एक. (कुठला फळा? तिच्या खोलीत तर एक कॅलेंडर आहे.) वेळेच्या पालनाला पाच. स्नेहसंमेलनाला चार. एकूण पन्नासपैकी तेवीस. खाली शेरा, की तीसच्या आत गुण असल्यामुळे करार वाढवायचा की नाही यावर फेरविचार होईल.

आणि एक रकाना, ज्यावर माझी नजर अडकली. पालकांशी सहकार्य : एक. शेजारी लिहिलं होतं, माहिती देत नाहीत अशी पालकांची तक्रार.

ती तक्रार कुठून आली असेल ते मला त्याच क्षणी कळलं. कारण तिची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली होती.

झालं असं होतं. डिसेंबरात आमच्या मंडळातली एक जण सामायिक आटोपल्यावर मला बाजूला घेऊन बसली. तिची नात त्याच शाळेत नववीला. मुलगी आठवड्यातून एकदा समुपदेशकांकडे जाऊन बसते असं घरच्यांना तिच्या मैत्रिणीकडून कळलेलं. "अगं, तुझीच सून ना? जरा विचार की काय चाललंय. प्रेमाबिमाचं काही नाही ना?" जुनी मैत्री, तिच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, विचारते, त्यात काय.

रात्री कणीक मळताना विचारलं. सून म्हणाली, "मम्मी, ते मी नाही सांगू शकत." मी म्हटलं, अगं, आजी आहे ती, परकी का आहे? ती म्हणाली, "आजीला सांगायचं असेल तर ती मुलगी सांगेल. नाहीतर आई-वडिलांनी शाळेत यावं, मुलीसमोर आम्ही चौघं बसू." मला ते लागलं. घरातल्या घरात नियम सांगते म्हणून दोन दिवस मी तुटक वागले. आणि मैत्रिणीला काय सांगितलं? "ती काही सांगत नाही बाई. फार लपवते." एवढंच वाक्य. पण सासूच्या तोंडून सुनेबद्दल निघालेलं वाक्य मंडळात किती वेगाने फिरतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले, पाठ तोंडाने चालू होते आणि डोळ्यांसमोर तो कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. कागद वाचला ते आणि डिसेंबरातलं माझं ते वाक्य. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "कागद वाचला त्याचं काही नाही. ते वाक्य मात्र नव्हतं माहीत मला." आणि डबा घेऊन निघून गेली. दिवसभर मला अन्न गोड लागलं नाही.

संध्याकाळी विषय काढला तो ह्यांनी. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं गोपनीय अहवालाच्या धाकात काढलेली. ते म्हणाले, निदान तुला दाखवला तरी! आमच्या वेळी प्रतिकूल शेरा असेल तरच कळवत, एरवी साहेबाने काय लिहिलं ते बढती हुकली की कळायचं. मग त्यांनी देव दत्त खटल्याची गोष्ट सांगितली, ती त्यांची आवडती आहे. सीमा रस्ते संघटनेतल्या या अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीला 'खूप चांगला' हवा होता. वाईट शेरा नाही म्हणून त्याला कळवलाच नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगली असो वाईट असो, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येतं. "मग तू मांड की म्हणणं," हे म्हणाले.

ती म्हणाली, "मांडीन, पण कोणत्या मापाने मोजा म्हणून सांगू? इथे मापच नाही."

हे मला नवीन होतं. मला वाटायचं, सरकारने एवढे नियम केलेत तर तेही कुठेतरी लिहिलेलं असेल. तिने सांगितलं ते असं. सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेला पूर्णवेळ समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे. नववी ते बारावीची मुलं तीनशेहून कमी असतील तर पूर्वी अर्धवेळ चालायचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी सूचना दिल्या. त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. म्हणजे माणूस हवा हे ठरलं. तो काम नीट करतो की नाही हे कोणी, कशावरून पाहायचं, ते ज्याच्या त्याच्या शाळेवर. आणि शाळेकडे शिक्षकांचा छापील फॉर्म तयार असतोच.

आपल्याकडे मानसशास्त्र आणि शाळा म्हटलं की चाचणी आठवते, यात आपलाही दोष आहे. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू करणारे अप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे डॉक्टर होते, पण तिथल्या प्रवेशासाठी बुद्धिमत्ता चाचणी असते एवढंच आपण सांगत आलो. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. माझ्या भाचीची झाली होती. तिला ललित कला निघालं आणि ती बी.कॉम. झाली. चाचणीचा निकाल हातात पडतो, म्हणून ते काम दिसतं. मूल खोलीत येऊन अर्धा तास रडून गेलं, हे काम कुणाला दिसणार?

मी विचारलं, मग किती मुलं आली ते मोजावं. ती हसली. "मम्मी, गेल्या वर्षीपेक्षा यंदा दुप्पट मुलं आली. चांगलं की वाईट?" मला उत्तर देता येईना. शाळेत त्रास वाढला म्हणूनही येतील आणि भीड चेपली म्हणूनही येतील. एखादं मूल यायचं बंद झालं तर बरं झालं म्हणून, की विश्वास उडाला म्हणून? रजिस्टरात दोन्ही सारखंच दिसतं. एका वर्षी कुणीतरी आकडा मागितला की पुढच्या वर्षी रजिस्टर भरायला मुलं बोलावली जातात, असं ती म्हणाली, आणि तसं करणाऱ्या ओळखीच्या एकीचं उदाहरणही दिलं.

अमेरिकेत या गोष्टीवरून बरंच रामायण झालंय. २००९ नंतर तिथल्या केंद्र सरकारने 'रेस टू द टॉप' नावाची निधीची स्पर्धा काढली, आणि बऱ्याच राज्यांनी शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या परीक्षेच्या गुणांशी जोडलं. मग शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांचं काय करायचं? त्यांना वर्ग नाही, विषय नाही. म्हणजे तिच्यासारखीच गत! तिथे त्यांची मोठी राष्ट्रीय संघटना आहे. तिने कामाची दहा क्षेत्रं लिहून काढली आहेत: माहिती गोळा करून निर्णय घेणं, शिक्षक-पालकांना सल्ला देणं, मुलांच्या मनाचं आरोग्य, संपूर्ण शाळेच्या वातावरणावर काम, असं सगळं. मूल्यमापन त्यावरून करा, एकाच आकड्यावरून नको, आणि करणाऱ्या माणसाला या विषयाची माहिती असू दे, असं तिचं म्हणणं. पाचशे मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा असंही ती सांगते. आमच्या सुनेकडे त्याच्या तिप्पट.

तिची स्वतःची एक वही आहे, ती तिने आम्हाला लांबून दाखवली. त्यात नावं नाहीत, खुणा आहेत. किरेसुक आणि शर्मन या दोघांनी १९६८ मध्ये काढलेली पद्धत ती वापरते. मुलाबरोबर बसून आधीच ठरवायचं की तीन महिन्यांत कुठवर यायचं. समजा एखादं मूल आठवड्यातून दोनच दिवस शाळेत येतंय. चार दिवस यायला लागलं तर ठरल्याप्रमाणे झालं, त्याला शून्य. पाच दिवस आलं तर अधिक एक, आणि वर मधल्या सुट्टीत चार मुलांत मिसळलं तर अधिक दोन. दोनावरच राहिलं तर उणे एक, यायचं बंदच झालं तर उणे दोन. शून्य म्हणजे यश, हे मला समजायला वेळ लागला.

ह्यांनी लगेच खोट काढली, खात्यातली सवय. "मग सोपं ठरवायचं आणि पैकीच्या पैकी घ्यायचे!"

"बरोबर आहे पप्पा," ती म्हणाली. "म्हणूनच वर्षातून एकदा बाहेरचं, याच विषयातलं कुणीतरी येऊन वही बघायला हवं. मुलांची नावं न बघता."

त्या रात्री तिने आम्हाला एकच किस्सा सांगितला, आणि तोही एका मुलाचा नाही म्हणून. शाळेच्या आजारी खोलीचं रजिस्टर ती दर आठवड्याला चाळते. तिला दिसलं की आठवीच्या एका तुकडीतली मुलं गुरुवारीच पोट दुखतंय म्हणून येतात. गुरुवारी एका विषयाची तोंडी परीक्षा असायची, सगळ्या वर्गासमोर उभं करून. ती त्या बाईंशी बोलली, वर्गात नाही, चहाच्या वेळी. बाई आधी रागावल्या. दोन आठवड्यांनी त्यांनी तोंडी परीक्षा मुलांना एकेकटं जवळ बोलावून घ्यायला सुरुवात केली. गुरुवारच्या पोटदुख्या जवळपास बंद झाल्या. हे तिच्या पत्रकात कुठल्या रकान्यात बसतं? बसत नाही. श्रेय त्या बाईंना मिळालं, आणि सून म्हणते, ते तसंच मिळायला हवं होतं, नाहीतर पुढच्या वेळी बाई ऐकणार नाहीत.

मी धीर करून विचारलं, पण सगळंच लपवायचं का गं? एखाद्या मुलीच्या जिवावर बेतलं तर? ती म्हणाली, नाही, आणि हे ती प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. जिवाला धोका असेल तर घरी सांगणार. लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. बाकी सगळं त्या खोलीत राहणार. "ते राहतं म्हणून तर मुलं येतात, मम्मी. एकदा बाहेर गेलं की दुसऱ्या दिवसापासून माझी खोली परत खेळाच्या सामानाची."

मैत्रिणींनो, मला इथे आपली आलोचना आठवली. आपण गुरूंपुढे दोष सांगतो, तेव्हा ऐकणारा कसा असावा हे आपल्या आगमात सांगितलेलंच आहे. ठाणांग सूत्राच्या आठव्या ठाण्यात आलोचना ऐकण्यास योग्य साधूचे आठ गुण येतात. त्यातला एक अपव्रीडक, म्हणजे समोरच्याची लाज घालवून त्याला बोलतं करणारा. एक निर्यापक, म्हणजे ज्याला मोठं प्रायश्चित्त झेपणार नाही त्याच्याकडून ते थोडं थोडं पार पाडून घेणारा. आणि एक अपरिस्रावी, म्हणजे ज्याच्यातून काही पाझरत नाही, ऐकलेला दोष जो दुसऱ्याला सांगत नाही. हा शब्द मी स्वाध्यायात कितीदा तरी वाचला असेन. आठही गुणांत किती जणांची आलोचना ऐकली याचा कुठे हिशेब नाही. सून काही साधू नाही आणि तिची खोली म्हणजे स्थानक नाही, हे मलाही कळतं. पण ज्या गुणासाठी आपण महासतीजींपुढे निःशंक बोलतो, त्याच गुणासाठी माझ्या सुनेला पाचपैकी एक मिळाला, आणि तो मिळवून द्यायला माझा हात लागला.

पुढच्या रविवारी मी त्या मैत्रिणीकडे गेले. मनात होतं की तिची समजूत घालावी. तिने चहा ठेवला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, मुलगा-सून तर शाळेत जाऊन बसायला तयार होते. तूच म्हणालीस ना, ती लपवते म्हणून? मग आम्हाला वाटलं, काहीतरी भलतंच असणार. म्हणून त्यांनी वर अर्ज दिला." यावर मी काय बोलणार होते? मिच्छामि दुक्कडं म्हटलं, संवत्सरीची वाट न बघता. ती म्हणाली, आता काय त्याचं. ती यंदा पापडांना आली नाही. तिच्या नातीचं काय होतं, ते मला आजही माहीत नाही.

सुनेने मुख्याध्यापकांना दोन पानी पत्र दिलं. तिच्या कामाला वेगळं पत्रक असावं. सत्राच्या सुरुवातीला तिने आणि शाळेने मिळून उद्दिष्टं ठरवावीत. शिक्षकांचं आणि मोठ्या वर्गातल्या मुलांचं मत नाव न घेता विचारावं. बाहेरच्या जाणकाराने वर्षातून एकदा वही पाहावी. आणि पालकांच्या सहकार्याच्या रकान्यात किती माहिती दिली ते नको, किती पालकांना मुलांसमोर बसवून बोलतं केलं ते मोजावं. शेवटी एक ओळ अशी की गैरहजर शिक्षकांचे तास तिला देऊ नयेत, कारण त्या वेळात दाराशी आलेलं मूल परत जातं. ही ओळ खोड असं मी सुचवलं होतं, उगाच कशाला वाईटपणा. तिने खोडली नाही.

मे महिन्यात बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं होतं, आणि पोटदुखीचा किस्सा त्यांना त्या बाईंनीच सांगितला होता म्हणे. करार एक वर्ष वाढला, पगारवाढ नाही. बाहेरच्या जाणकाराचं व्यवस्थापनापुढे ठेवू म्हणाले. बदली तासांबद्दल कुणी काही बोललं नाही.

शाळा सुरू झाल्यावर नवीन पत्रक आलं. या वेळी तिने ते स्वतःच माझ्यापुढे ठेवलं, मी चष्मा शोधेपर्यंत थांबली. निकालाचा रकाना गेलाय. वह्यांचाही गेलाय. 'गोपनीयता पाळणे' असा एक नवा रकाना आलाय, पाच गुणांचा. फळ्याचा वापर मात्र आहे तिथेच आहे. आता ती खोलीत लावायला एक लहानसा फळा घेऊन येणार आहे म्हणते, रविवार कारंज्यावरून.